दिवाळीनंतर लॅबमध्ये येते म्हणाले होते

रहांगडाले सर, काल तुमच्या तेरवीला जेवून आले. शाळेतले सगळेच आले होते. वाढणारे आग्रह करत होते आणि लोक तुमच्या आठवणी काढत भात कालवत होते. मला तिथं बसवेना, पण पानावरून उठणं बरं दिसलं नसतं. हात धुऊन निघाले तर वहिनींनी आत बोलावलं. देवाच्या फळीवरून त्यांनी संगणक लॅबची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. किल्लीला तुम्ही जुन्या माऊसच्या वायरीचा तुकडा बांधला होता, तो तसाच होता.

"वहिनी, मी मराठीची," मी म्हणाले. "ही प्राचार्यांकडे द्यायला पाहिजे."

"मले ते काही माहीत नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "हे म्हणत होते, दिवाळीनंतर मॅडम आमच्या लॅबमंधी बसाले येऊन रायल्या. लई खुश होते. म्हणून तुमालेच देऊन रायली."

म्हणजे तुम्ही घरी सांगितलं होतंत. मी आपली तुम्हाला टाळायला 'दिवाळीनंतर येते' म्हणाले होते, आणि तुम्ही ते खरं धरून बसला होतात. इतके भोळे तर तुम्ही वादात कधी नव्हतात.

भाऊबीज झाली, तुम्हाला ताप भरला, नागपूरला नेलं आणि शाळा उघडायच्या आत तुम्हाला परत आणलं. यापलीकडे मला काही माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. लोक विचारतात, काय झालं होतं, कधीपासून होतं, आधी कळलं नाही का. मला प्रत्येकाचा राग येतो. तुमचाही येतो. मधेच वाद सोडून उठून जायची तुमची सवय स्टाफरूमपुरती ठीक होती.

आपला वाद काय होता ते बाहेरच्याला सांगायला गेलं तर हसू येईल. अकरावीत आलेल्या मुलानं इंग्रजीच्या जोडीला मराठी घ्यायची नाहीतर तुमचं आयटी. तुम्ही येईपर्यंत पोरं मुकाट्यानं माझ्याकडे यायची. तुम्ही आलात, त्या मागच्या खोलीत आठ-दहा संगणक मांडलेत, आणि पुढच्या वर्षी माझ्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी झाली. पुढं पुढं तर उरलेली पोरं पहिल्या दोन रांगांत मावायला लागली. मराठीच्या शिक्षकाला मुलं कमी पडली की तो 'अतिरिक्त' होतो, मग त्याला उचलून कुठल्याही दूरच्या शाळेत टाकतात. हे तुम्हाला माहीत होतं. मलाही माहीत होतं की तुम्ही हंगामी आहात, तुमची नेमणूक दरवर्षी नव्यानं होते, पोरं नसतील तर तुमचा विषयच बंद. एका भाकरीवर दोघांचा डोळा होता, सर. आणि तरी मधल्या सुट्टीत डबा आपण एकाच टेबलावर उघडायचो. माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता घ्यायचात आणि वर मला 'भाषामंत्री' म्हणायचात.

"तुमचा विषय म्हणजे नुसते मार्क," मी म्हणायची. "पोरं भाषा सोडून मार्कांच्या मागे धावताहेत."

"मॅडम, तुमच्या तासाले पोरं बोलतात किती?"

"ऐकतात."

"तेच म्हणून रायलो मी."

मग मी चिडायची. मी म्हणायची, पोरगं 'जाऊन राहिलो' म्हणालं की मी 'जात आहे' म्हणायला लावणार, कारण गोंदियाच्या बाहेर त्याची मुलाखत कोणी झाडीबोलीत घेणार नाही. तुम्ही म्हणायचात, तुम्ही वाक्य दुरुस्त करता तोवर पोरगं गप बसते, मग दुरुस्त वाक्य घेऊन काय कराचं? माझ्या मुलाखतीच्या मुद्द्याला मात्र तुमच्याकडे उत्तर नव्हतं. तो आला की तुम्ही चहा मागवायचात. मी अजूनही त्या मुद्द्यावर ठाम आहे, तुम्ही गेलात म्हणून मी तो सोडणार नाही.

तुमच्या लॅबच्या नियमांची तर मी किती टिंगल केली. दुसऱ्या शाळांत भिंतीवर मोठा तक्ता असतो, हे करू नये, ते करू नये. तुम्ही कागद लावला नाहीत, सगळं तोंडी. चपला बाहेर. बोरिंगवर हात धुऊन मगच आत, कारण रोवणीच्या दिवसांत पोरं धानाच्या बांधीतून सरळ शाळेत यायची आणि नखांत चिखल असायचा. आणि तिसरा नियम, जो मी दुसऱ्या कुठल्याही लॅबमध्ये ऐकला नाही: ज्याला येतं त्यानं हात मागे ठेवायचे, ज्याला येत नाही त्यानं माऊस धरायचा.

एका संगणकावर तीन-तीन पोरं. साहजिकच जो हुशार, ज्याच्या घरी लॅपटॉप, तो माऊस बळकावणार आणि बाकीचे मान वर करून बघणार. तुम्ही ते पहिल्याच आठवड्यात उलटं केलंत. "हात मांगं," तुम्ही ओरडायचात, "तोंडानं सांग त्याले. तुले येते ना? मंग सांगता आलं पायजे." हुशार पोरं रडकुंडीला यायची. बोट दाखवायलाही बंदी. 'ते तिथं, ते असं' चालायचं नाही. कुठं, काय, कशाच्या बाजूला, आधी काय, मग काय, सगळं शब्दांत. लाईट गेली तरी तास थांबायचा नाही. स्क्रीन काळी पडली तरी पोरं समोर बसून सांगत राहायची, कारण तुमचं म्हणणं, लाईट गेली तर काय झालं, तोंड चालू आहे ना.

बिरसीच्या विमान शिकवणाऱ्या शाळेतली विमानं आपल्या छपरावरून घिरट्या घालत गेली की सगळा वर्ग खिडकीकडे धावायचा. माझ्या तासाला मी रागवायची. तुम्ही तर त्यांना उभं राहून बघू द्यायचात. "तो वर शिकून रायला ना, त्याच्या बाजूले त्याचा मास्तर बसून हाय," तुम्ही सांगायचात. "मास्तर हात लावत नाही. नाहीतर पोरगं जन्मभर बाजूलेच बसन." मी म्हणाले होते, सर, मास्तरानं हात लावला नाही तर विमान धानाच्या बांधीत उतरेल. तुम्ही हसलात आणि म्हणालात, तुमच्या तासाले तर विमान उडतच नाही, मॅडम. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

दसऱ्याची गोष्ट आठवते का? तुमचं पहिलं वर्ष. पोरींनी संगणकांची पूजा मांडली. लवकर पिकणारा हलका धान नुकता आला होता, घरोघरचे नवे तांदूळ आणले, हळदीकुंकवात माखले आणि प्रत्येक कीबोर्डवर मनोभावे मूठ-मूठ अक्षता वाहिल्या. तुम्ही नेमके प्रसादाचे पेढे आणायला गेला होतात. दिवाळीनंतर बटणं अडकायला लागली, एक दाबलं तर तीन उमटायची. शेवटी तुम्ही व्हरांड्यात बसून एकेक कीबोर्ड उलटा करून ठोकत होतात आणि खाली कुंकवाचे तांदूळ पडत होते. मी म्हणाले, सर, सूप आणून देऊ का? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "गोंदियाचा कीबोर्ड हाय, तांदूळच निघन, गहू निघन का?" त्यानंतर पूजा कव्हरावर, तीही फुलांची, असा चौथा नियम झाला. ती कव्हरं वहिनींनी जुन्या साड्यांची शिवून दिली होती.

आता एक गोष्ट, जी तुमच्या हयातीत माझ्या तोंडून निघाली नाही.

दीक्षा मडावी. सालेकशाच्या जंगलाकडची पोर, इथं मामाकडे राहून शिकते. दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होती. घरी गोंडी बोलायची, शाळेत काहीच बोलायची नाही. धडा वाचायला उभी केली की पुस्तकात मान घालून उभी राहायची, घंटा होईपर्यंत. अकरावीला तिनं तुमचं आयटी घेतलं तेव्हा मला वाटलं, बरोबर आहे, तिथं बोलावं लागत नाही. मागच्या वर्षी एकदा दुपारी मी लॅबमागून पाण्याच्या टाकीकडे चालले होते. खिडकीतून एका मुलीचा आवाज आला, खणखणीत. "तिथं नाही. त्याच्या खालच्या ओळीत ये. आता थांब. मी सांगत नाही तोवर काही दाबू नको." मी आत डोकावले. दीक्षा हात मागे बांधून उभी होती, ओढणी घट्ट पिळून धरलेली. आणि माऊस होता गोंदियाच्या राइस मिलवाल्याच्या पोराच्या हातात, ज्याच्या घरी दोन-दोन लॅपटॉप. तो निमूट ऐकत होता. तुम्ही कोपऱ्यात खुर्चीवर बसून पेन्सिल तासत होतात, जणू तुमचा काही संबंधच नाही.

मी पाण्याला न जाताच परतले. मला आनंद झाला, खोटं का बोलू, आणि हेवाही वाटला. माझ्या वर्गात मी तिच्यासाठी काय काय केलं होतं, पुढच्या बाकावर बसवलं, गोष्टीची पुस्तकं दिली, आणि ती बोलली ती तुमच्या त्या बटणं दाबण्याच्या खोलीत. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, काय मॅडम, आज गप काऊन? मी डोकं दुखतंय म्हणाले. सांगितलं असतं तर तुम्ही वर्षभर मला चिडवलं असतं. चिडवायला हवं होतंत. किती बरं वाटलं असतं तुम्हाला.

सुट्टी लागायच्या दिवशी आपण शेवटचं बोललो. तुम्ही गाडीवर बसला होतात, किक मारत होतात, ती चालू होत नव्हती. मी म्हणाले, पेट्रोल भरा, नाहीतर तोंडानं सांगून पाहा तिला. तुम्ही हसता हसता पाय खाली टेकवलात आणि म्हणालात, "मॅडम, इतके वर्षं बाहेरून बोलून रायल्या. एक डाव आत येऊन बसा. मंग भांडा. पण चपला बाहेर काढा लागतीन, आन् हात धुवा लागतीन. तुमच्या हाताले खडू असते."

"दिवाळीनंतर येते," मी म्हणाले. गाडी चालू झाली. आणखी काय बोलायचं होतं? धान कापणीला आला होता, पोरं सुट्टीच्या आनंदात होती, तुम्ही आमगावच्या रस्त्याला लागलात.

शाळा उघडल्यावर शोकसभा झाली. फोटोला हार घातला, सगळे उभे राहिले. व्हरांड्यात प्राचार्य माझ्या बाजूनं चालायला लागले. ते गोंदिया शहरातले, अर्धं हिंदीत बोलतात. "मॅडम, बुरा मत मानना, पण बीच साल में आयटीचा मास्तर मी कुठून आणू? बारावीचे फॉर्म भरून झाले, वो लोग कैसे भी निभा लेंगे. अकरावीची पोरं तुमच्याकडे वापस टाकतो. पुढच्या वर्षीपासून लॅबची झंझटच नको. आणि तुमचं अतिरिक्त व्हायचं टेन्शनही खतम." त्यांनी माझ्या भल्यासाठीच सांगितलं. चांगले गृहस्थ आहेत.

तुमच्या जाण्यानं माझी नोकरी वाचली, सर. हे मी इथं लिहून टाकते आहे, कारण हे मनात ठेवून मला झोप लागत नाही. इतकी वर्षं मला माझी पोरं परत हवी होती. माझ्या वर्गात पुन्हा बाकं भरलेली मी किती वेळा डोळ्यांसमोर आणली असतील. ती अशी भरायला नको होती. आणि बारावीची पोरं कशी निभावतील? परीक्षा संगणकावरच असते. त्यांच्यातल्या कितीजणांच्या घरी मोबाईलपलीकडे काही नाही, तोही बापाच्या खिशात. लॅबला कुलूप म्हणजे त्यांची परीक्षा गेलीच.

म्हणून आज सकाळी तुमच्या तासाला मी किल्ली घेऊन मागच्या खोलीकडे गेले. बारावीची पोरं आधीच व्हरांड्यात उभी होती. त्यांना कोणी सांगितलं कुणास ठाऊक. कुणाच्या केसांत मळणीचा भुसा होता, पण हात सगळ्यांचे ओले होते. चपला भिंतीलगत ओळीनं लावलेल्या. मी बोरिंगवर गेले, खडूचे हात धुतले, चपला त्यांच्या चपलांच्या शेवटी काढल्या आणि कुलूप उघडलं.

आत कोंदट वास होता. साड्यांच्या कव्हरांवर धूळ बसली होती. पोरांनी एकेक कव्हर काढून घडी घातली, नेहमीच्या जागी ठेवली. तुमच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही, मीही नाही. तासलेली पेन्सिल टेबलावर होती. सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले. आपल्याला यातलं काहीच येत नाही हे मला त्या क्षणी जेवढं कळलं तेवढं कधी कळलं नव्हतं. मी फक्त दार उघडायला आले होते.

"मॅडम, तुमाले येते का?" दीक्षानं विचारलं.

"नाही गं."

"मंग माऊस तुमीच धरा," ती म्हणाली, आणि पहिल्या संगणकासमोरची खुर्ची माझ्यासाठी ओढली. स्वतः माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली. हात मागे.

सर, माऊस मला आवरेना. बाण पडद्यावर कुठंही पळायचा. ती न रागवता सांगत होती. "खाली डाव्या कोपऱ्यात या. घाई नका करू. आता दोन डाव दाबा, जवळजवळ. उघडून रायलं का? थांबा. आता चोच उघडा." मी विचारलं, चोच म्हणजे? तर मागची पोरं हसली, किती दिवसांनी त्या खोलीत कोणी हसलं असेल. वेबपानाच्या कोडमधलं '<' हे टोकदार चिन्ह, ज्यानं पानावरची प्रत्येक गोष्ट सुरू होते, त्याला तुम्ही चिमणीची चोच म्हणायचात म्हणे. "सर म्हणत, चोच उघडली का बंद कराची. कितीही काम पडो, उघडी ठेवून उठाचं नाही. नाहीतर खालचं सगळं पान बिघडते." तिनं हे सांगितलं आणि मागे धरलेली ओढणी घट्ट पिळली. कोणी पडद्याकडे बघत होतं, कोणी तुमच्या खुर्चीकडे.

मग तिनं पुन्हा सुरुवात केली. ओळ लिहून झाली, चोच मिटली, आणि पांढऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत 'नमस्कार' आलं. एवढंच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मला त्याची लाज वाटली नाही.

"आता तुमाले आलं," दीक्षा म्हणाली. "आता माऊस मले द्या. तुमी हात मांगं घ्या आन् सांगा."

मी उठले. हात मागे घेतले. तिनं खुर्चीत बसून माऊस धरला आणि वाट बघत राहिली. तिला सगळं येत होतं, डोळे मिटून येत होतं, तरी ती माझ्या शब्दाशिवाय बोट हलवत नव्हती. आणि मला शब्द सापडेना. मराठी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, सर. कुठलाही उतारा द्या, मी तास-तास बोलते. तिथं मला आधी काय, मग काय, एक साधं वाक्य जुळेना. मी तोंड उघडायची आणि मिटायची. माझ्या वर्गात उभी राहून दीक्षाला काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं. तिनं मला घाई केली नाही. शेवटी मी म्हणाले, "खाली ये. डाव्या... डाव्या कोपऱ्यात ये." आणि तिचा हात हलला.

तास संपल्यावर प्राचार्यांना सांगितलं, परीक्षेपर्यंत किल्ली माझ्याकडे राहील. त्यांनी मान हलवली, बारावीपुरतंच हां मॅडम, म्हणाले. पुढच्या आठवड्यापासून अकरावीची पोरं माझ्याकडे येतील. मी त्यांना घेणार आहे. नोकरी मलाही हवी आहे, तुमच्यासमोर नाटक काय करू. परीक्षा झाली की लॅबला कुलूप लागेल, संगणक कुठंतरी जातील आणि तिथं पोषण आहाराचे तांदूळ ठेवतील असं आत्ताच कानावर येतंय. मला ते थांबवता येईल असं वाटत नाही. मी भांडेन. पण भांडायला समोर तुमच्यासारखं कोणी नाही. प्राचार्य नुसतं हो हो म्हणतात, त्यांच्याशी भांडून काय मिळणार.

तुमची पेन्सिल मी टेबलावरच ठेवली. कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधली. वायरीचा तो तुकडा पदरातून बाहेर लोंबत होता. स्टाफरूममध्ये डबा उघडला आणि झाकणात सवयीनं लोणच्याची फोड काढून टेबलाच्या पलीकडे सरकवली. ती तिथंच राहिली.

मी आले होते, सर. दिवाळीनंतर म्हणाले होते, दिवाळीनंतर आले. चपला बाहेर काढल्या, हात धुतले, आत बसले, तुमची सगळी बाजू ऐकून घेतली. आणि एक-दोन मुद्दे अजून आहेत माझ्याकडे, तुम्हाला उत्तर सुचणार नाही असे. मी टेबलाशी बसले आहे. तुम्ही चहा मागवा.